मुद्दल संपलेले कुरण : ब्रोगर द्वीपकल्पावरील रेनडिअरचे प्रकरण

नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिक महासागरात असलेल्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील स्पिट्सबर्गन या सर्वांत मोठ्या बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर, काँग्सफ्योर्ड नावाच्या समुद्राच्या फाट्याला लागून, ब्रोगर द्वीपकल्प आहे. १९७८ साली याच बेटावरच्या आडव्हेंट दरीतून काही रेनडिअर येथे आणून सोडण्यात आले आणि त्यांपैकी १२ जनावरे नव्या जागी तगली. त्याआधी सुमारे शंभर वर्षे या द्वीपकल्पावर रेनडिअरचे खूर उमटलेले नव्हते. १९९३ पर्यंत या बारांचे सुमारे ३६० झाले. मग १९९३-९४ चा एकच हिवाळा आला आणि तो सरला तेव्हा द्वीपकल्पावर ऐंशीच्या आसपास जनावरे शिल्लक होती.

जनावरे वाढली, चारा संपला, जनावरे मेली असे हे प्रकरण तीन वाक्यांत सांगता येते, आणि ते तसे सांगितलेही जाते. तपशिलात शिरल्यावर मात्र ही तीन वाक्ये अपुरी पडतात. कोणता चारा संपला, तो कोणत्या जागेवरचा होता, वर्षातल्या कोणत्या काळात त्याची गरज होती आणि तो संपल्यावर उरलेली जनावरे कशावर जगली, हे प्रश्न वेगवेगळे सोडवल्याशिवाय त्या हिवाळ्याचा अर्थ लागत नाही. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, ब्रोगर द्वीपकल्पावर घडले ते शतकभर साठलेली मुद्दल पंधरा वर्षांत खाऊन संपवण्याचे प्रकरण आहे. १९९३-९४ च्या हिवाळ्याने केवळ हिशेब मागितला.

आधी जनावर आणि जागा. स्वालबार्डचा रेनडिअर ही रेनडिअरची स्वतंत्र उपजात असून ती किमान पाच हजार वर्षे या बेटांवर मुख्य भूमीपासून तुटून राहिली आहे. आखूड पाय, गोलसर तोंड आणि दाट केस यांमुळे तो स्कँडिनेव्हियातल्या आपल्या भाऊबंदांपेक्षा बुटका आणि गुबगुबीत दिसतो. प्रौढ मादी वसंताच्या सुरुवातीला साधारण ५३ किलो भरते आणि शरदात साधारण ७० किलो. नर त्याच काळात ६५ वरून ९० किलोंवर जातो. हा फरक म्हणजे उन्हाळ्यात अंगावर धरलेली आणि हिवाळ्यात जाळलेली चरबी होय. येथे लांडगे नाहीत, ध्रुवीय अस्वल क्वचितच रेनडिअरच्या मागे लागते आणि ध्रुवीय कोल्हा बहुतांशी मेलेल्या जनावरांवर गुजराण करतो. उत्तर अमेरिकेतील कॅरिबूंना, म्हणजे तिकडच्या रेनडिअरना, उन्हाळाभर पळवणाऱ्या माश्या आणि डासांचे थवेही येथे नाहीत. त्यामुळे हजारोंच्या कळपाने शेकडो किलोमीटर स्थलांतर करण्याची रेनडिअरची जगप्रसिद्ध सवय या उपजातीला नाही. दोन-चार जनावरे एका दरीत चरतात आणि बहुधा वर्षभर त्याच टापूत राहतात. जनावर जागा सोडत नाही, म्हणून जागेच्या वनस्पतींवर त्याचा भार सतत आणि त्याच ठिकाणी पडतो, हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरेल.

द्वीपसमूहाचा सुमारे ६० टक्के भाग हिमनद्यांखाली आहे आणि उरलेल्यापैकीही पुष्कळसा उघडाबोडका खडक आहे. ब्रोगर द्वीपकल्पाच्या मध्यावर डोंगर आणि हिमनद्या असून वनस्पती आहे ती मुख्यतः किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात. हिमयुगाचे ओझे उतरल्यावर जमीन हळूहळू वर आली आणि जुन्या समुद्रकिनाऱ्यांच्या पायऱ्या मागे राहिल्या. वायव्य टोकाच्या क्वाडेहुकस्लेटा या मैदानात त्या स्पष्ट दिसतात. या पायऱ्यांचे कंगोरे वाऱ्याने झाडून निघतात, म्हणून हिवाळ्यातही तेथे बर्फ पातळ असतो. दोन कंगोऱ्यांमधल्या खोलगट जागेत बर्फ खोल साचतो आणि उन्हाळ्यात तेथेच ओल टिकते. डोंगराच्या पायथ्याशी, जेथे कड्यांवर समुद्रपक्षी घरटी करतात, तेथे त्यांच्या विष्ठेच्या खताने मॉसचे, म्हणजे जमिनीला चिकटून वाढणाऱ्या मऊ, बुटक्या वनस्पतींचे, जाड, हिरवेगार गालिचे तयार होतात. उत्तर किनाऱ्यावरचा स्टुपहालेट हा असाच कडा. थोडक्यात, मैलभराच्या आत तीन प्रकारची कुरणे आहेत आणि रेनडिअर त्यांचा वापर ऋतूनुसार वेगवेगळा करतो.

उन्हाळ्यात प्रश्न सोपा असतो. बर्फ वितळेल तसतसा जो कोवळा कोंब वर येईल तो खायचा. ओलसर जागी गवते, पायथ्याशी बिस्टॉर्टा आणि सॅक्सिफ्रेजसारख्या फुलझाडांची पाने, आणि सर्वत्र ध्रुवीय विलो. हा विलो म्हणजे आपल्याकडे नदीकाठी वाढणाऱ्या वाळुंजाचा सगोत्र. येथे मात्र तो झाड म्हणून उभा राहतच नाही. त्याचे खोड जमिनीत आडवे पसरते आणि वर दिसतात ती केवळ दोन-तीन सेंटीमीटर उंचीवरची गोल, चकचकीत पाने. चरणाऱ्या जनावराच्या दृष्टीने हे अख्खे झाड एका घासाचे आहे. पाने कोवळी असताना त्यांत प्रथिने भरपूर असतात आणि जूनच्या सुरुवातीला व्यालेल्या मादीला याच काही आठवड्यांत पाडसाला दूध पाजायचे, स्वतः चरबी धरायची आणि पुढच्या गाभणकाळाची तयारी करायची असते. या हंगामात चारा सहसा कमी पडत नाही.

कस लागतो तो हिवाळ्यात. न्यू-ऑलेसुंड ही द्वीपकल्पावरची एकमेव वस्ती ७८ अंश ५५ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस मावळलेला सूर्य तेथे फेब्रुवारीच्या मध्यानंतरच पुन्हा क्षितिजावर येतो. हिरवे काही उरत नाही. वाळलेली गवते, ड्रायस या जमिनीलगत पसरणाऱ्या झुडपाच्या चिवट गाद्या, मॉस आणि कंगोऱ्यांवरची दगडफुले एवढाच साठा असतो आणि तोही बर्फाखाली. जनावर खुराने बर्फ उकरून खड्डा करते, त्यात तोंड घालते, जे मिळेल ते खाते आणि पुढचा खड्डा उकरते. प्रत्येक खड्ड्याला शक्ती खर्च होते, म्हणून बर्फ जेथे पातळ तेथे चरणे परवडते. अर्थात वाऱ्याने झाडलेले कंगोरे.

याच कंगोऱ्यांवर १९७८ साली दगडफुलांची भरगच्च गादी होती. गोड्या मसाल्यातले दगडफूल मराठी घरात सर्वांना ठाऊक आहे. बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून घडलेल्या त्याच वर्गातल्या, पण फांदीदार आणि जमिनीवर वाढणाऱ्या जातींविषयी येथे बोलत आहोत. दगडफुलाला मुळे नसतात. ते हवेतून आणि पावसातून पोषण घेते, वर्षाला काही मिलिमीटरच वाढते आणि कोरडे असताना पायाखाली पापडासारखे चुरडते. त्यात प्रथिने फार थोडी असतात, पण रेनडिअरच्या कोटीपोटातील, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या मोठ्या कप्प्यातील, सूक्ष्मजीव त्यातील पिठूळ द्रव्ये चांगली पचवतात. हिवाळ्यात अंगातली आग तेवत ठेवायला तेवढे पुरते.

स्वालबार्डमध्ये जेथे रेनडिअर हजारो वर्षे सलग राहिले आहेत, तेथे अशी गादी जवळपास कोठेच आढळत नाही, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. त्या दऱ्यांतील जनावरे हिवाळ्यात गवतांचे अवशेष, विलोच्या काड्या आणि पुष्कळ प्रमाणात मॉस खाऊन जगतात. मॉस पचायला कठीण आणि कसाला हलका असतो. अन्यत्रचा रेनडिअर त्याला सहसा तोंड लावत नाही. म्हणजे ब्रोगर द्वीपकल्पावर दगडफुलांची जी समृद्धी होती ती तेथील जमिनीचा नैसर्गिक गुण नव्हती. ती रेनडिअरच्या अनुपस्थितीतून आली होती. शिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीस स्वालबार्डमधून हे जनावर जवळपास संपवत आणले होते आणि नॉर्वेने १९२५ मध्ये बेटांचा ताबा घेऊन शिकारीवर बंदी घातली, तेव्हा ते दूरदूरच्या मोजक्या टापूंतच उरले होते. ब्रोगर द्वीपकल्प त्याआधीच रिकामा झाला होता. शतकभर चराई नाही, तुडवणे नाही. तोवर दगडफुले साठत गेली.

आता वाढीचा हिशेब पाहू. बारांचे पंधरा वर्षांत ३६० होणे म्हणजे तीस पट वाढ. वर्षाला सरासरी पंचवीस टक्के, म्हणजे दर तीन वर्षांनी दुप्पट. रेनडिअरची मादी वर्षाला एकच पाडस देते. हे लक्षात घेतले, तर असा वेग टिकायला जवळपास प्रत्येक प्रौढ मादी दरवर्षी गाभण राहायला हवी आणि बहुतेक पाडसे पहिला हिवाळा काढायला हवीत. सामान्य स्वालबार्डी दरीत असे होत नाही. एखाद्या वाईट वर्षी बहुसंख्य माद्या भाकड राहतात. येथे ते झाले, कारण हिवाळ्याचे कोठार उघडे होते. नॉर्वेजियन पोलर इन्स्टिट्यूटने सुरुवातीपासून या कळपाची मोजणी ठेवली आणि संशोधकांनी वनस्पतींच्या नोंदीही घेतल्या, म्हणूनच आज आपण हे दोन्ही आलेख शेजारी मांडू शकतो. एक चढत गेला. दुसरा, म्हणजे कंगोऱ्यांवरच्या दगडफुलांचा, उतरत गेला. ही घसरण एका रात्रीत झाली नाही. कळप कोसळला त्याच्या आधीच गादीचा मोठा भाग खाल्ला गेला होता किंवा तुडवून चुरा झाला होता, आणि तरीही काही वर्षे जनावरांची संख्या वाढतच राहिली. कुरणाची अवस्था आणि कळपाची संख्या यांच्यात पडलेले हे अंतर या प्रकरणातला सर्वांत बोधक भाग आहे. एप्रिलमधल्या मोजणीत आकडा वाढलेला दिसला, तरी तो मागच्या हिवाळ्यांचा निकाल असतो. येत्या हिवाळ्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

१९९३-९४ च्या हिवाळ्यात जे घडले त्याला मराठीत अवकाळी पाऊस म्हणता येईल. अटलांटिकवरून आलेली उबदार, ओली हवा स्वालबार्डवर पोचली की भर हिवाळ्यात तापमान शून्याच्या वर जाते आणि हिमाऐवजी पाऊस पडतो. पाणी साचलेल्या बर्फातून झिरपत खाली जाते. खालची जमीन कायम गोठलेली असल्यामुळे ते मुरत नाही, आणि थंडी परतली की तेथेच गोठते. भुसभुशीत बर्फाखाली मग काचेसारखा कठीण थर तयार होतो आणि त्याच्या आत गवताची पाती, विलोच्या काड्या, मॉस असे सारे बंद होते. जनावर वरचा बर्फ सहज उकरते, पण खूर या थरावर घसरतो. चारा बोटभर अंतरावर दिसतो आणि मिळत नाही.

या संकटात कंगोरे कामाला येतात. तेथे मुळात बर्फ थोडा, त्यामुळे साचणारे पाणीही थोडे, आणि उतारावरून ते वाहूनही जाते. बर्फकाच तयार झाली तरी ती सलग नसते. गोठलेल्या सखल भागातून हुसकलेले जनावर कंगोऱ्यावर येते आणि थोडक्या दगडफुलांवर दिवस काढते. १९८०च्या दशकात असा हिवाळा आला असता तर कंगोऱ्यांनी बहुधा कळप तारून नेला असता. १९९३-९४ मध्ये कंगोरे रिकामे होते. म्हणून अतिचराई की हवामान, हा वाद मला काहीसा चुकीच्या ठिकाणी उभा केलेला वाटतो. रोनी आनेस, बर्न्ट-एरिक सेथर आणि निल्स आरे ओरिट्सलांड यांनी २००० साली या कळपाच्या चढउतारांचे जे विश्लेषण प्रसिद्ध केले, त्यातही घनता आणि हवामान दोन्ही कारणे धरली आहेत. माझे म्हणणे त्याहून थोडे पुढचे आहे: येथे दुसरे कारण पहिल्यातूनच वाट काढून आले. बर्फकाचेने सखल कुरण बंद केले, आणि तिच्यापासून वाचण्याची जी एक जागा होती ती चराईने आधीच रिकामी केली होती.

सगळी जनावरे मेली नाहीत, हेही नोंदवायला हवे. त्याच सुमारास काही रेनडिअर दक्षिणेकडे हिमनदी आणि खाडी ओलांडून सार्सओयरा या किनारपट्टीवर गेले. त्याच दशकात पुढे आणखी दक्षिणेला काफीओयरावर आणि पश्चिमेच्या प्रिन्स कार्ल्स फोरलांड बेटावरही रेनडिअर पोचले. जागा न सोडणारे जनावर भुकेने जागा सोडते. नव्या जागी त्यांना पुन्हा शतकभर न चरलेली दगडफुले मिळाली, आणि तेथील गाद्यांचीही कालांतराने तीच गत झाली. मागे राहिलेल्या मेलेल्या जनावरांवर कोल्ह्यांची मात्र चांगली सोय झाली.

या ठिकाणी बेरिंग समुद्रातील सेंट मॅथ्यू बेटाची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९४४ मध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलाने तेथे २९ रेनडिअर सोडले. १९६३ मध्ये ते सुमारे सहा हजार झाले आणि १९६६ मध्ये वन्यजीव-संशोधक डेव्हिड क्लाइन पुन्हा बेटावर गेले, तेव्हा त्यांना ४२ जनावरे आढळली. त्यांत नर एकच, तोही प्रजननास निरुपयोगी. पुढे तो कळप नामशेष झाला. दोन्ही ठिकाणी सुरुवात सारखी आहे: न चरलेली दगडफुले, शिकारी प्राणी नाहीत, कडक हिवाळा. शेवट वेगळा का झाला? एक कारण भूगोलाचे आहे. सेंट मॅथ्यूच्या कळपाला जायला जागा नव्हती. ब्रोगरच्या कळपाला गोठलेल्या खाडीवरून आणि हिमनदीवरून निसटता आले. दुसरे कारण माझ्या मते अधिक वजनाचे आहे. सेंट मॅथ्यूवर मुख्य भूमीवरचे, दगडफुलांवर पोसलेले रेनडिअर सोडले गेले होते. ब्रोगरवर सोडलेल्या जनावरांचे पूर्वज मात्र पाच हजार वर्षे दगडफुलांवाचूनच जगत आले होते. मुद्दल संपल्यावर व्याजावर जगण्याची सवय त्यांच्या रक्तात होती.

(स्वालबार्डवर मोठ्या चरणाऱ्या प्राण्यांचा आणखी एक प्रयोग झाला होता. १९२९ मध्ये पूर्व ग्रीनलंडमधून १७ कस्तुरी-बैल आणून आडव्हेंट दरीत सोडले गेले. काही दशके ते टिकले, पण १९८०च्या दशकात संपले. थोड्या सुपीक जागेसाठी रेनडिअरशी झालेली स्पर्धा हे त्यामागचे एक कारण मानले जाते. ज्या वर्षांत ब्रोगरचा कळप दुप्पट-चौपट होत होता, त्याच वर्षांत शे-सव्वाशे किलोमीटरवर हा दुसरा प्राणी नाहीसा होत होता.)

कळप कोसळल्यानंतर ब्रोगरवरची संख्या खालच्या पातळीवर वर-खाली होत राहिली. या काळात वनस्पतींचे काय झाले, याचा अभ्यास ब्रागे ब्रेमसेट हान्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. वेगवेगळ्या काळी रेनडिअर पोचलेल्या ब्रोगर, सार्सओयरा आणि काफीओयरा या तीन टापूंची त्यांनी तुलना केली. चराईचा भार हलका झाल्यावर फुलझाडे, गवते आणि मॉस यांनी बऱ्यापैकी उभारी घेतली, दगडफुलांनी घेतली नाही. हे अपेक्षितच म्हणावे लागेल. गवताची मुळे जमिनीत शाबूत असतात आणि उन्हाळा आला की कोंब फुटतो. दगडफुलाचा तुकडा मात्र पुन्हा मिलिमीटर-मिलिमीटरने वाढायचा असतो, आणि तो बोटभर होण्याआधीच कोणीतरी तो खातो. थोडीशीच जनावरेसुद्धा त्याला वर येऊ देत नाहीत. आपल्याकडे चराईबंदी केलेल्या माळावर दोन-तीन पावसाळ्यांत गवत गुडघाभर होते, तो अनुभव येथे लावता येत नाही.

चराईने सगळे नासतेच असेही नाही. रेने वान डेर वाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वालबार्डमध्ये दाखवले आहे की, मॉसचा जाड थर जमिनीवर गोधडीसारखा काम करतो: उन्हाळ्यातली ऊब खाली पोचू देत नाही. रेनडिअर तो थर तुडवतात, थोडा खातातही. थर पातळ झाला की माती अधिक तापते आणि गवताच्या मुळांना ते मानवते. शेणाचे खत मिळते ते वेगळे. त्यामुळे रेनडिअरचा वावर असलेल्या ओलसर जागी मॉस कमी आणि गवत जास्त असे चित्र दिसते, म्हणजे जनावर एका अर्थी स्वतःचे उन्हाळी कुरण स्वतःच राखते. एकाच द्वीपकल्पावर एकाच जनावराने कंगोरे उघडे केले आणि ओलसर सखल भाग गवताळ केला. ‘रेनडिअरमुळे वनस्पती कमी होते’ किंवा ‘वाढते’ असे सरसकट विधान करणाऱ्याने आधी कोणत्या जागेविषयी बोलतो आहोत ते सांगावे.

हिवाळी जागांचा वापरही बदलला. कंगोऱ्यांचा आधार गेल्यावर बर्फकाचेच्या वर्षांत जनावरे तीव्र उताराच्या डोंगरकुशीत चढू लागली, कारण तेथे पाणी साचत नाही. आणि काही थेट समुद्रकिनाऱ्यावर उतरली. वादळांनी किनाऱ्यावर फेकलेल्या केल्पच्या, म्हणजे मोठ्या समुद्री शैवालाच्या, राशी तेथे पडलेल्या असतात: चामड्यासारखे जाड, तपकिरी, खारट पट्टे, अर्धे बर्फात थिजलेले. रेनडिअर ते दातांनी ओढून खाताना दिसले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विष्ठेतील स्थिर समस्थानिकांवरून, म्हणजे अन्न जमिनीवरचे की समुद्रातले हे सांगणाऱ्या अणूंच्या प्रमाणावरून, हे पडताळले गेले. जमिनीवर बर्फकाच जास्त असलेल्या हिवाळ्यांत किनाऱ्यावरचे रेनडिअर वाढले आणि त्यांच्या आहारात समुद्राचा अंशही वाढला. केल्पने पोट भागत नाही, तो पूरक आहार आहे आणि किनाऱ्यावर राहूनही जनावरे जमेल तेव्हा टुंड्रावर, म्हणजे वृक्षहीन ध्रुवीय माळावर, जातातच. तरीही, वनस्पतींच्या नकाशावर या प्राण्याचा अधिवास आखणाऱ्याला आता भरतीची रेषाही आत घ्यावी लागते.

अवकाळी पाऊस आता अपवाद राहिलेला नाही. ३० जानेवारी २०१२ रोजी न्यू-ऑलेसुंडला एका दिवसात ९८ मिलिमीटर पाऊस झाला. कोकणातल्या वाचकाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण तेथे वर्षभरात मिळून सुमारे ४०० मिलिमीटरच पडतो, आणि हा पडला ध्रुवीय रात्रीत. त्या हिवाळ्यात स्वालबार्डमध्ये मोठ्या प्रमाणावर रेनडिअर उपासमारीने मेले. दुसरीकडे उन्हाळे लांबले आणि उबदार झाले आहेत, शरदात बर्फ उशिरा पडतो, त्यामुळे चरबी धरायला अधिक वेळ मिळतो. हे दोन परिणाम विरुद्ध दिशांना ओढतात. स्पिट्सबर्गनच्या मध्यभागात १९९४ पासून दोन दशके केलेल्या वजनांच्या नोंदींत एप्रिलमधील प्रौढ मादीचे सरासरी वजन ५५ किलोंवरून ४८ किलोंवर आलेले दिसले, तर जनावरांची संख्या त्याच काळात वाढली. जास्त जनावरे, पण खंगलेली. हान्सन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये त्याहून अनपेक्षित निष्कर्ष मांडला: बर्फकाचेचे हिवाळे क्वचित येण्याऐवजी वारंवार येऊ लागले, तर कळपाची संख्या अधिक स्थिर राहू शकते. कारण प्रत्येक वाईट हिवाळा म्हातारी आणि अशक्त जनावरे काढून घेतो, कळप कधी फार फुगत नाही आणि त्यामुळे १९९४ सारखा कोसळतही नाही. ब्रोगरच्या प्रकरणाशी ताडून पाहिले तर हे पटते. तेथे घात झाला तो पंधरा वर्षे चांगली गेल्यामुळे.

एक दार मात्र बंद होत चालले आहे. १९९४ मध्ये भुकेल्या जनावरांना निसटता आले, कारण खाड्यांवर समुद्र गोठून पूल तयार होत असे. २००६ नंतर काँग्सफ्योर्डमध्ये असा भक्कम बर्फ फारसा धरत नाही. स्वालबार्डच्या रेनडिअरवरील जनुकीय अभ्यासही हेच दाखवतो: समुद्री बर्फ घटला तसतसे टापूटापूंतले कळप एकमेकांपासून अधिक तुटत चालले आहेत. बारा जनावरांपासून वाढलेल्या कळपाला ही बाब अधिक जाचक ठरू शकते.

भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र याच द्वीपकल्पावर, न्यू-ऑलेसुंडमध्ये आहे. १ जुलै २००८ रोजी ते सुरू झाले आणि गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र त्याचा कारभार पाहते. तेथील भारतीय काम मुख्यतः हिमनद्या, वातावरण आणि समुद्र यांवर आहे; रेनडिअर हा त्याचा विषय नाही. मात्र डिसेंबर २०२३ पासून भारतीय पथके हिवाळ्यातही तेथे राहू लागली आहेत, आणि या प्रकरणातला निर्णायक क्षण नेमका त्याच काळोखात येतो. जानेवारीत छपरावर हिमाऐवजी पावसाचे थेंब वाजू लागले, की पुढच्या आठवड्यात वस्तीच्या आसपास, केल्प पडलेल्या किनाऱ्यावर, चार-दोन रेनडिअर उतरलेले दिसण्याचा संभव वाढतो. वरच्या कंगोऱ्यांवर ते जात नाहीत असे नाही. तेथे खडीच्या फटींतून ड्रायसच्या गाद्या अजून आहेत, आणि त्यांच्या कडेला, जेथे तोंड पोचत नाही अशा दगडांच्या सांध्यात, नखाएवढी दगडफुले.